सुई टोचलेला जिताडा

११ एप्रिल

ही वही ऋतिका मॅडमनी पिंजऱ्याच्या नोंदींसाठी दिली. सकाळी खाद्य किती, संध्याकाळी किती, पाणी गढूळ की स्वच्छ, मेलेले मासे किती. रकाने त्यांनी स्वतः पट्टी घेऊन आखून दिलेत. गेले सात महिने मी एक दिवस न चुकवता भरलेत. आज जे झालं ते रकान्यात मावणारं नाय, म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून लिहितेय. मॅडमनी बघितलं तर बघू देत.

लोट्याला एका कंपनीच्या कँटीनचा ठेकेदार आमचे मासे घेणार होता. सगळे. मे महिना संपायच्या आत टप्प्याटप्प्यानं उचलतो, असा त्याचा शब्द होता. आज फोन केला तर बोलतो, "मावशी, जरा थांबूया. कामगार पिंजऱ्यातला मासा खायला तयार नाहीत. तुम्ही ते ऐकलं नाय काय?"

काय ऐकायचं? मग त्यानं मोबाइलवर पाठवलं. कोणा बाईचा आवाज, मागे बाजाराचा कलकलाट. बाई बोलते:

"बायांनो, मी मासेवाली सांगते, पंधरा वर्षं म्हावरं विकतेय. तळ्यातला पाळलेला मासा पोराबाळांच्या पोटात घालू नका. त्याला सुया टोचतात. औषधावर फुगवतात. माझ्या पोटच्या पोरीची शपथ घेऊन सांगते."

बस एवढंच. शपथेच्या आधी एक जागा तुटल्यासारखी वाटते, आणि मग खलास. खाली कोणीतरी लिहिलंय, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

सुया टोचतात म्हणे. आमच्या चार पिंजऱ्यांत मिळून दीड हजार जिताडे आहेत. दीड हजार माशांना सुया टोचायला मी काय खाडीत दवाखाना उघडलाय? एक मासा हातात धरून बघ म्हणावं, पंखाचा काटा तळहातात घुसला की कोण कोणाला टोचतं ते कळेल.

१३ एप्रिल

राग जात नाय. सकाळी केरूच्या होडीतून पिंजऱ्यावर गेले. केरू म्हणजे दमयंतीचा नवरा. पिंजरे माझे आणि दमयंतीचे, होडी त्याची. खाद्याचा डबा काठीनं वाजवला की सगळे जिताडे वर येतात, पाणी उकळल्यासारखं होतं. इतके दिवस ते बघून पोट भरायचं. आज नुसतं वाटलं, एवढ्या सगळ्यांना घालू कुठं.

कारण वेळ नाय. पाऊस लागला की वरून लोंढा येतो, झाडांचे ओंडके येतात, त्यात पिंजरा टिकत नाय. मे अखेरीला मासे काढलेच पाहिजेत. ही आमची पहिलीच खेप. ती विकली गेली तर वाडीतल्या आणखी पाच बायका पिंजरा घालणार आहेत, आमच्याकडे डोळे लावून बसल्यात. विकली नाय तर पुढच्या वीस वर्षांत आमच्या वाडीत कोणी पिंजऱ्याचं नाव काढणार नाय.

आणि हे कोणामुळे? कोणा एका चिरक्या आवाजाच्या बाईमुळे. पंधरा वर्षं विकते म्हणे. मी खेडच्या बाजारात तेवीस वर्षं बसले, असली बाई कधी दिसली नाय. असली तर मासेवालीच नसणार. मासेवालीच्या अंगात एवढा खोटेपणा नसतो. गिऱ्हाइकाशी दोन शब्द इकडचे तिकडचे सगळ्याच बोलतात, मीपण बोलले, ते वेगळं. धंद्याला बसलं की तोंड चालवावं लागतं. पण पोटच्या पोरीची शपथ?

रात्री जेवताना रुचिराला बोलले, "जी बाई पोरीची खोटी शपथ खाते तिच्या तोंडात किडे पडोत."

रुचिरा माझी एकुलती एक, खेडला औषधांच्या दुकानात कामाला जाते. रोज आली की दिवसभराचं सगळं सांगते. आज बोलली, "आई, राहू दे ना. असेल कोणीतरी." आणि भात अर्धा टाकून उठली. हल्लीच्या पोरींना रागच येत नाय कशाचा.

१७ एप्रिल

केरू होडी वल्हवता वल्हवता बोलला, "हौसे, आवाज ओळखीचा वाटतो गो मला."

"तुला सगळ्याच बायांचे आवाज ओळखीचे," मी बोलले.

दमयंती पोट धरून हसली. केरू हसला नाय, खाडीकडे बघत राहिला.

१९ एप्रिल

आज दहा मासे घेऊन खेडला बाजारात बसले. पिंजरे घातल्यापासून बाजारात बसणं सोडलं होतं, पण ठेकेदार नाय तर नाय, आपली जागा काय कोणी नेली नाय. ओळीतल्या सगळ्या जुन्या बायका होत्या. मी त्या आवाजवाल्या बाईला बसल्या बसल्या शिव्या घातल्या. तिच्या सात पिढ्या काढल्या. बोलले, माझ्यासमोर उभी राहू दे, विळीवर नाक धरते तिचं.

ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. मला वाटलं, शिव्या भारी जमल्यात.

गिऱ्हाईक यायचं, कल्ले उघडून बघायचं, तांबडेलाल. डोळा बघायचं, काचेसारखा. दाबून बघायचं, ताठ. मग विचारायचं, "दर्याचा ना?" मी बोलायचे, "खाडीतला, आमच्या पिंजऱ्यातला." की हात मागे. मासा पाटीत परत टाकायचे आणि बोटं साडीला पुसायचे. सकाळी पाण्यातनं काढलेल्या माशाला हात लावून बोटं पुसतात. आणि शेजारी दोन दिवस बर्फात पडलेली सुरमई दर्याची म्हणून उचलतात. चार मासे गेले. सहा परत आणले, शेजारच्या घरांत वाटले.

२५ एप्रिल

ऋतिका मॅडम येऊन गेल्या. मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या त्याच. पोर रुचिरापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, पण गमबूट घालून पिंजऱ्यावर उतरते. पाणी आणि दोन मासे मागच्याच महिन्यात तपासायला नेले होते, त्याचा कागद घेऊन आल्या. सगळं स्वच्छ. औषधाचा अंश नाय, कसलं विष नाय.

मी बोलले, "मॅडम, पाळलेल्या माशाला सुया टोचतच नाहीत असं लिहून द्या."

त्या खोटं बोलत नाहीत, हीच त्यांची पंचाईत. बोलल्या, "हौसाताई, सगळ्यांच्या वतीनं मी कसं लिहू? काही ठिकाणी चुकीची औषधं घालणारे आहेत. तसे दर्याच्या माशाला वाईट बर्फ लावणारेही आहेत. मी तुमच्या माशाचं सांगू शकते. तुमचा मासा खाद्यावर वाढलाय, औषध एकदाही घातलेलं नाही, ही तुमची वही त्याला साक्षी आहे."

आता हे एवढं लांबलचक कोणाला ऐकवायचं? ती बाई एका दमात सांगून मोकळी झाली. आमचं खरं सांगायला कागद पाहिजे, वही पाहिजे, मॅडम पाहिजेत.

कागदाचा फोटो रुचिराकडून तीन ग्रुपवर टाकून घेतला. पोफळीच्या कॉलनीतल्या बायकांचा ग्रुप आहे, तिथं दोघींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. तिसरीनं त्याखाली तोच आवाज टाकला आणि लिहिलं, तरीपण काळजी घ्या.

मोबाइल भिंतीवर आपटणार होते. रुचिरानं हातातून काढून घेतला.

३ मे

ठरवलं, ही बाई शोधायचीच. पोलिसांत नेते म्हटलं. ठेकेदाराला रोज फोन केला, शेवटी तो कंटाळला आणि बोलला, "आमच्या कामगारांना तो आवाज संदेश नावाच्या एकानं पाठवला. खेडच्या वरच्या अंगाला घर आहे त्याचं. पुढचं तुम्ही बघा, माझं नाव घेऊ नका."

रुचिराला बोलले, उद्या रविवार आहे, माझ्याबरोबर चल. तिचा चेहरा उतरला. बोलली, "आई, नको जाऊस तिकडे."

"का नको? घाबरते काय मी?"

"मासे विकूया ना आपण. ती बाई सापडून काय होणार आहे?"

हिला आईपेक्षा लोकांचं पडलंय. एकटीच जाणार.

४ मे

लिहायचं म्हणून बसले खरी.

सकाळच्या एस्टीनं गेले. संदेशचं घर विचारत विचारत चढ चढले. अंगणात म्हातारी सुकट निवडत बसली होती. मला बघितलं आणि सूप खाली ठेवलं. बोलली, "हौसाबाई ना तू? ये. वर बस."

मी ओळखलं नाय. पाणी दिलं, ते घेतलं नाय. सरळ तोंड सुटलं माझं. तुझ्या मुलानं माझ्या पोटावर पाय दिला, कोणा रस्त्यावरच्या बाईचा आवाज गावभर फिरवला, अब्रूनुकसानीची केस घालते, काय काय बोलले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. संदेश रात्रपाळी करून आलेला, आत झोपला होता, तो उठून दारात आला. तिनं त्याला सांगितलं, "सगळा लाव. पहिल्यापासून."

त्यानं मोबाइलवर जुनी, लांबलचक रेकॉर्डिंग लावली. तोच बाजार, तोच आवाज, बायांनो मी मासेवाली सांगते. सुया टोचतात. औषधावर फुगवतात. आणि मग, जिथं तुटल्यासारखं वाटायचं ना, तिथं एक गिऱ्हाईक बाई विचारते, "खरं की काय हो, हौसाबाई?"

आणि आवाज बोलतो, माझ्या पोटच्या पोरीची शपथ घेऊन सांगते.

मी बोलले, हा माझा आवाज नाय. माझा आवाज असा नाय. तीन वेळा बोलले. संदेशनं परत लावला. "खरं की काय हो, हौसाबाई?"

म्हातारीनं विचारलं, "मी कोण ते तरी आठवतं काय? गोदूबाई. तुझ्यापासून दोन पाट्या सोडून बसायचे. आठ वर्षं झाली. संदेशनं शेतात तळं खणलं होतं, रोहू-कटला पाळला होता. माझे मासे पाटीत हलत असायचे, तुझे बर्फात असायचे. म्हणून तू ते सुरू केलंस. चार दिवस मासे परत आणले मी. पाचव्या दिवशी उकिरड्यात घातले. ह्यानं तो आवाज तेव्हा कोणाला तरी दाखवायला म्हणून धरून ठेवला होता. कोण ऐकणार? सगळ्यांना तुझंच खरं वाटलं."

तळं तिथंच मागे आहे. म्हशी बसतात त्यात. संदेश तेव्हापासून लोट्याला कामाला जायला कंपनीच्या गाडीत चढतो.

संदेश बोलला, "मी खाली लिहून पाठवलं होतं काकी. 'ऐका, हीच बाई आता मासे पाळते.' दोघांनाच पाठवलं होतं, हसायला म्हणून. लोकांनी तुमचं नाव कापलं, माझं लिहिलेलं टाकून दिलं. आवाज तेवढा पुढे गेला."

मी विचारलं, "आता काय करू? पाया पडू?"

गोदूबाई बोलली, "मला काय नको तुझं. जिथं बोललीस तिथं जाऊन बोल."

उठले आणि चालायला लागले. एस्टी येईपर्यंत फाट्यावर उभी होते. राग कमी झाला नव्हता. उलट वाढलाच होता, पण आता काढायचा कोणावर ते सुचत नव्हतं.

५ मे

आठवतं सगळं. गोदूबाईच आठवत नव्हती, पण तो दिवस आठवतो. त्या सुया कुठून आणल्या मी? कोंबड्यांना टोचतात असं कोणी तरी बोललेलं, ती सुई मी माशाला लावली. गिऱ्हाईक वळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावली. मग ते तोंडातच बसलं. मला स्वतःला ते खोटं वाटायचंपण बंद झालं. पिंजऱ्यात पहिली पिल्लं सोडली त्या दिवशी मॅडमना मीच विचारलं होतं, सुया कधी टोचायच्या? मॅडम हसल्या होत्या. तेव्हा तरी समजायला पाहिजे होतं.

रुचिराला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"बोलली का नाय मग?"

"तू शिव्या देत होतीस तिला. रोज. तोंडात किडे पडोत म्हणत होतीस. मी काय सांगणार होते?" मग बोलली, "शपथ माझी होती ना आई. मी तेव्हा शाळेत होते. वर्गातल्या पोरीनं विचारलं होतं, तुझी आई तुझी शपथ का घेते? मी सांगितलं, माझी आई खोटं बोलत नाही."

पुढे लिहवत नाय.

७ मे

दमयंतीला सांगितलं. तिला खरंच माहीत नव्हतं. केरूला माहीत होतं, पण तो मेला बोलला नाय.

तिच्या हातात जाळं साफ करायचा ब्रश होता, तो पाण्यात फेकला. "तुझ्या भरवशावर मी उतरले यात," ती बोलली. "माझा नवरा नको बोलत होता. मी बोलले, हौसा आहे, हौसाला बाजार कळतो. एवढा कळतो काय?"

मग शांत झाल्यावर बोलली, "आता बोलू नकोस कोणाला. मुकाट्यानं जातील तेवढे विकूया. तूच ती बाई हे समजलं तर आहेत ते चार गिऱ्हाईकपण जातील. मला तुझ्या पश्चात्तापात बुडवू नकोस."

तिचंपण खरं आहे. मासे दोघींचे, तोंड माझ्या एकटीचं. दमयंतीचा राग आला, गोदूबाईचा आला, संदेशचा आला, मला ओळखूनपण हसत राहिलेल्या त्या ओळीतल्या बायकांचा आला. सगळ्यांत जास्त कोणाचा आला ते लिहायला नको.

१० मे

बोलले. जिथं बोलले होते तिथंच, माझ्याच जागेवर. वीस जिताडे मांडले आणि उभी राहिले.

"बायांनो, मोबाइलवर जिचा आवाज फिरतोय ती बाई मी. हौसा. सुया टोचतात हे मी घरी बसून जुळवलेलं, दुसऱ्या बाईचा मासा विकला जाऊ नये म्हणून. गोदूबाई तिचं नाव. तिचा मासा चांगला होता. माझा हा मासा पिंजऱ्यात वाढलाय, त्याला सुई लावलेली नाय. वही आणलीय, कागद आणलाय. ज्याला बघायचंय त्यानं बघावं."

गर्दी जमली. तीन-चार जणांनी मोबाइल वर धरले. कोणीतरी हसलं. वही कोणी उघडली नाय.

एक जुनं गिऱ्हाईक आहे माझं, शाळेतल्या बाई, वर्षानुवर्षं माझ्याकडून घेतात. त्या पुढे आल्या. वाटलं, ह्या घेतील. बोलल्या, "हौसाबाई, तेव्हा मासे विकायचे होते म्हणून खोटं बोललात. आत्ताही मासेच विकायचेत ना तुम्हाला? मग ह्यातलं खोटं कुठलं, ते मी कसं ओळखू?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

बाई तशाच गेल्या. पण त्यांच्या मागची एक मुसलमान म्हातारी पुढे आली, कल्ले बघितले आणि दोन मासे घेतले. "सुई असेल तर दाताखाली येईलच की," बोलली. तिच्यामुळे आणखी तिघांनी घेतले. एकूण सात गेले.

दमयंती तोंड फुगवून बसली होती. संध्याकाळी एवढंच बोलली, "उद्या मीपण येते. तुला एकटीला बोलता येत नाय नीट."

१८ मे

रोज जातो. कधी आठ जातात, कधी पंधरा. दमयंती जिताड्याचं तिखलं करून डब्यातून आणते, चाखायला देते, त्याचा उपयोग कागदापेक्षा जास्त होतो. मॅडमनी दोन खानावळी बघून दिल्या. पिंजऱ्यांत अजून बाराशेच्या वर आहेत आणि रोज ढग वर येतात. केरू सारखा आभाळाकडे बघतो.

मी माझ्या आवाजात रुचिराकडून नवीन रेकॉर्डिंग करून घेतली. नाव, गाव, गोदूबाईचं नाव, सगळं घातलं. सगळ्या ग्रुपवर टाकली. कोणी पुढे पाठवली नाय. रुचिरा बोलली, "आई, लांब झालीय." खरं सांगायला वेळ लागतो, त्याला मी काय करू?

२० मे

आज एस्टीत मागच्या सीटवर पाटी पायाशी घेऊन बसले होते. शेजारी एक तरणी बाई, मांडीवर लहान पोरगी. बोलायला गोड. विचारलं, "मावशी, कसला मासा?"

"जिताडा."

"दर्याचा ना? पिंजऱ्यातला असेल तर विकू नका हो, पाप लागेल. एका मासेवालीनंच सांगितलंय." आणि मोबाइल काढून माझ्या कानाशी धरला. सगळा ऐकवला.

मी बोलले, "ती मासेवाली मीच."

तिनं मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हसली. "काय मावशी. हिचा आवाज बघा ना कसा आतून येतो. पोरीची शपथ घेतलीय हो तिनं. कोणी आई खोटी घेईल काय?"

मी तिला सगळं सांगितलं. गोदूबाईचं, तळ्याचं, सुयांचं, सगळं. तिनं ऐकलं, मान हलवली, मध्ये पोरीला बिस्किट दिलं. मी बोलले, "विश्वास नसेल तर आता उतर माझ्याबरोबर. संध्याकाळी पिंजऱ्यावर नेते, होडीचे पैसे नकोत, डोळ्यांनी बघ."

"मला कुठे एवढा वेळ, मावशी," ती बोलली. खेडचा स्टँड आला तशी उठली, एका हातानं पोरगी कमरेवर घेतली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर काहीतरी केलं.

"काय केलंस?" मी विचारलं.

"बहिणीला पाठवून ठेवला हा आवाज. तिच्या घरी लहान मुलं आहेत. सावध असलेलं बरं."

आणि उतरून गेली. कंडक्टर बोलला, मावशी, चला लवकर. मी पाटी डोक्यावर घेतली. आज बावीस जिताडे आहेत.